डॉ. थॉमस यंग आणि डोळ्यांतील तेलाचे रंग

पावसाळ्यांत रस्त्यावर सांचलेल्या डबक्यांत मोटारीच्या तेलाचा एखादा थेंब पडला, म्हणजे त्या मळकट पाण्यावर तांबडे, पिवळे, निळे, जांभळे असे रंग क्षणांत पसरतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेलांत हे रंग नसतात, पाण्यांतहि नसतात. मग ते आले कोठून? आणि विद्यार्थीमित्रहो, असाच, पण याहूनहि नाजूक असा तेलाचा एक थर या क्षणीं आपणां प्रत्येकाच्या डोळ्यांवर पसरलेला आहे, व त्याचे रंग पाहून नेत्रवैद्य त्याची जाडी सांगूं शकतात, असें जर मीं म्हटलें, तर तें आपणांस खरें वाटेल काय? परंतु तें खरें आहे. हे रंग वाचण्याची किल्ली ज्या पुरुषानें जगाला दिली, त्याचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या तेलाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अश्रु म्हणजे नुसतें खारें पाणी नव्हे. आपण पापणी मिटून उघडतों तेव्हां डोळ्यावर एक अतिशय पातळ थर सारवला जातो. त्यांत खालीं बुळबुळीत द्रव्य मिसळलेलें पाणी असतें आणि सर्वांत वर तेल असतें. हें तेल पापण्यांच्या आंत असलेल्या बारीक ग्रंथींतून पापणीच्या कडेवर येतें. वरच्या पापणींत अशा सुमारें 25 ते 40 व खालच्या पापणींत 20 ते 30 ग्रंथि असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानें 1666 सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचें नांव मिळालें. तेलाचें काम राखणदाराचें आहे. तें वर असलें म्हणजे खालचें पाणी लवकर उडून जात नाहीं. 1961 सालीं मिशिमा व मॉरिस या दोन संशोधकांनीं सशांच्या डोळ्यांवरील तेल काढून पाहिलें, तेव्हां पाणी उडण्याचा वेग अनेक पटींनीं वाढला. ज्यांच्या डोळ्यांवर हा थर विरळ किंवा तुटक असतो, त्यांचे डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाचतां वाचतां अक्षरें अंधुक दिसूं लागतात. आणि नवल असें कीं, या कोरडेपणामुळेंच कित्येकांच्या डोळ्यांतून उलट पाणी गळूं लागतें.

अशा थराची जाडी मोजावी कशी? ती बहुधा 15 ते 160 नॅनोमीटर यांच्या दरम्यान असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! आपल्या डोक्याचा केंस त्याच्या शेंकडों पट जाड असतो. अशा वस्तूला पट्टी लावतां येत नाहीं. बोट लावावें तर ती मोडते. तिला न शिवतां मोजावयाचें असेल, तर तिच्यावरून परतणारा प्रकाश काय सांगतो तें ऐकणें, ही उत्तम वाट होय. या वाटेचें मर्म उलगडून दाखविणारे डॉक्टर थॉमस यंग हे होत.

यंग यांचा जन्म 13 जून 1773 रोजीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत मिल्व्हर्टन या गांवीं झाला. दहा भावंडांत ते सर्वांत वडील. आईबाप क्वेकर पंथाचे होते. साधा पोशाख, मोजकें बोलणें, प्रार्थनासभेंतील शांतता, आणि सत्याचा शोध ज्याचा त्यानें अंतःकरणपूर्वक करावा ही शिकवण, असें त्या पंथाचें वळण असे. थॉमसचें बालपण पुष्कळसें आजोबांच्या घरीं गेलें. दोन वर्षांचा असतांना तो वाचूं लागला, आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्यानें पवित्र शास्त्र दोन वेळां वाचून संपविलें होतें. चौदाव्या वर्षाच्या सुमारास लॅटिन व ग्रीक यांशिवाय फ्रेंच, इटालियन, हिब्रू, अरबी व फारसी या भाषांशींहि त्याचा परिचय झाला होता. परंतु तो केवळ पुस्तकांतला किडा नव्हता. शाळेंत असतांनाच तो कांतकाम शिकला व स्वतःच्या हातांनीं दुर्बिणी बनवूं लागला. एका मनुष्यानें जें साधलें तें दुसऱ्यासहि श्रमानें साधतां येईल, असें पुढें त्यांचें मत असे. ज्यांना लोक अलौकिक बुद्धीचा पुरुष म्हणत, त्यांचें स्वतःविषयींचें मत हें असें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्या आईकडील नातलग डॉ. रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमध्यें नामांकित वैद्य होते. त्यांच्या सल्ल्यानें यंग 1792 सालीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले. पुढल्या वर्षीं बैलाचा डोळा फाडून पाहत असतां त्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. आपण दूरचें झाड पाहतों व लगेच हातांतील पुस्तकहि पाहतों. दोन्ही स्पष्ट कशीं दिसतात? डोळ्यांत कांहीं तरी बदल होत असलाच पाहिजे. हा बदल आंतील भिंगाचा आकार पालटल्यानें होतो, असा निबंध त्यांनीं 1793 सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते त्या जगप्रसिद्ध सभेचे सभासद निवडले गेले.

पण यापुढें जें घडलें तें त्या मानाहूनहि मोठें आहे. दुसऱ्या कांहीं शोधकांनीं प्रयोग करून असें सुचविलें कीं, बदल भिंगाचा नसून डोळ्याच्या समोरील पारदर्शक पडद्याचा असावा. तरुण यंग हट्टास पेटले नाहींत. त्यांनीं आपलें मत मागें घेतलें. तथापि प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. एडिंबरो, जर्मनींतील गटिंगेन व नंतर केंब्रिज अशा तीन विद्यापीठांत त्यांचा अभ्यास चालला असतांनाहि तो त्यांच्या मनांत होताच. अखेर त्यांनीं स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. एका लहानशा नळीच्या तोंडाशीं भिंग बसवून तींत पाणी भरलें व ती डोळ्याला लावली. पाण्याशीं पाणी भिडल्यामुळें समोरील पडद्याची प्रकाश वांकविण्याची शक्ति जवळजवळ नाहींशी झाली. तरीहि जवळचें व दूरचें पाहण्याचें सामर्थ्य कायमच राहिलें. अर्थात् बदल पडद्याचा नव्हे, भिंगाचाच. 1800 च्या नोव्हेंबरांत त्यांनीं हें रॉयल सोसायटीपुढें सिद्ध केलें, व त्याच व्याख्यानांत आपल्या डोळ्यांत उभ्या व आडव्या रेषा एकाच अंतरावर सारख्या स्पष्ट होत नाहींत, हा दोषहि मोजून सांगितला. आज चष्म्याच्या चिठ्ठीवर ज्या दोषाचा आंकडा निराळा लिहितात, तोच हा दोष. भिंग हेंच एक स्नायु आहे, ही त्यांची कल्पना मात्र पुढें चुकीची ठरली; भिंगाचा आकार त्याच्या सभोंवारच्या स्नायूमुळें पालटतो.

एव्हांना यंग लंडनमध्यें वैद्यकीचा धंदा करूं लागले होते. 1801 सालीं रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत ते अध्यापक झाले. डोळा कसा पाहतो हें शोधतां शोधतां त्यांच्यापुढें आणखी खोल प्रश्न आला: डोळ्यांत जो शिरतो तो प्रकाश तरी काय आहे? सर आयझॅक न्यूटन यांनीं प्रकाश म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह असावा असें मानलें होतें, आणि इंग्लंडांत न्यूटनच्या शब्दाबाहेर जाण्याची छाती कोणास होत नसे. यंग यांनीं ध्वनीचा अभ्यास केला होता. ध्वनि हा हवेंतील लहरींचा खेळ आहे, व दोन लहरी भेटल्या असतां त्या एकमेकींस वाढवितात किंवा मारतात, हें त्यांस ठाऊक होतें. तळ्यांत दोन खडे टाकून पाहा. जेथें लाटेचा उंचवटा उंचवट्यास मिळतो तेथें पाणी दुप्पट उसळतें. जेथें उंचवटा खळग्यास मिळतो तेथें पाणी शांत राहतें. प्रकाशहि लहरीच असेल, तर प्रकाशांत प्रकाश मिळवून कधीं कधीं अंधार झाला पाहिजे!

हा विचार त्यांनीं साबणाच्या फुग्यास व तेलाच्या तवंगास लावला. पातळ थराच्या वरच्या पृष्ठावरून कांहीं प्रकाश परत फिरतो आणि कांहीं आंत शिरून खालच्या पृष्ठावरून परत येतो. दुसऱ्याचा प्रवास थराच्या जाडीप्रमाणें थोडा लांबतो. मग त्या दोहोंची गांठ पडते. एखाद्या जाडीला तांबड्या लहरी एकमेकींस मारतात व निळ्या वाढतात; जाडी किंचित् बदलली कीं हा हिशेब उलटतो. म्हणून थराला स्वतःचा रंग नसतांहि तो रंगीत दिसतो, आणि म्हणूनच रंग ही जाडीची खूण होते. न्यूटन यांनीं कांचेवर कांच ठेवून मधल्या हवेच्या पातळ थरांतील रंगीत वलयें फार काळजीपूर्वक मोजून ठेवलीं होतीं. तेच आंकडे घेऊन यंग यांनीं प्रकाशाच्या लहरींची लांबी काढली: एका इंचांत अगदीं टोंकाच्या तांबड्या प्रकाशाच्या 37,640 लहरी व टोंकाच्या जांभळ्याच्या 59,750 लहरी. दोनशेंहून अधिक वर्षांपूर्वींचे हे आंकडे आजच्या मापांशीं चांगलेच जुळतात. 1801 च्या नोव्हेंबरांत त्यांनीं हें सर्व विद्वानांपुढें मांडलें.

एक अडचण मात्र राहिली होती. साबणाचा फुगा फुटण्यापूर्वीं त्याच्या माथ्याचा अगदीं पातळ झालेला भाग काळा दिसतो. जाडी जवळजवळ नाहींच, तर दोन्ही लहरी बरोबर मिळून तेथें उजेड पडावा. मग काळोख कां? यंग यांनीं तर्क केला कीं, विरळ पदार्थांतून जातांना दाट पदार्थावर आपटून परतणारी लहर उलटी होत असली पाहिजे. नुसत्या तर्कावर न थांबतां त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या दोन कांचांमध्यें ससाफ्रास नांवाच्या झाडाचें तेल घातलें. त्या तेलाची दाटी दोन कांचांच्या मधली होती, म्हणून दोन्ही लहरी सारख्याच उलट्या व्हावयास हव्या होत्या. आणि तसेंच झालें: वलयांच्या मध्यभागीं जो ठिपका काळा दिसे, तो पांढरा दिसला! हा तेलाचा प्रयोग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. शेवटीं तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

1803 सालीं त्यांनीं आणखी एक साधा प्रयोग जाहीर केला. खिडकीच्या झडपेस पाडलेल्या बारीक छिद्रांतून येणाऱ्या सूर्यकिरणांत त्यांनीं इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कागदाची पट्टी धरली. तिच्या सावलींत उजेड व अंधार यांचे पट्टे दिसले. पण पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवितांच ते पट्टे नाहींसे झाले. दोन बाजूंच्या प्रकाशांची गांठ पडल्यावांचून ते होत नव्हते, हें उघड झालें.

इतका पुरावा पाहून विद्वानांनीं त्यांचा सत्कार केला असेल असें आपणांस वाटेल. घडलें तें उलट. हेन्री ब्रूम या तरुण वकिलानें एडिंबरोच्या एका प्रसिद्ध नियतकालिकांत यंग यांच्या निबंधांची अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली. ब्रूमच्या एका गणितविषयक लेखावर यंग यांनीं पूर्वीं टीका केली होती. तो रागहि त्यांत होता. न्यूटनचें नांव पुढें करून लोकांस फितविणें त्यास सोपें गेलें. यंग यांनीं 1804 सालीं उत्तरादाखल एक पुस्तिका छापविली. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, तिची केवळ एक प्रत विकली गेली! ज्या पुरुषानें प्रकाशाचें मर्म उघडलें, त्याचें म्हणणें विकत घेऊन वाचण्यास सबंध देशांत एकच गिऱ्हाईक मिळालें.

परंतु सर्व दोष निंदकाच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. यंग यांचें लिहिणें फार त्रोटक असे. मधल्या पायऱ्या त्यांस स्वतःस इतक्या सहज दिसत कीं, वाचकास त्या दिसत नाहींत हें त्यांच्या ध्यानांतच येत नसे. त्यांचीं व्याख्यानें श्रोत्यांच्या डोक्यावरून जात. सत्य सांपडणें ही अर्धी वाट. तें दुसऱ्याच्या दारापर्यंत पोंचविणें ही उरलेली अर्धी वाट होय. उत्तरपत्रिकेंत केवळ शेवटचा आंकडा लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यावरून बोध घ्यावा.

1803 सालीं त्यांनीं रॉयल इन्स्टिट्यूशनची जागा सोडली, कारण वैद्याचें लक्ष इतरत्र आहे असें दिसलें तर रोगी विश्वास ठेवीत नाहींत, अशी त्यांस भीति होती. याच कारणास्तव पुढें कित्येक लेख त्यांनीं नांव न घालतां छापविले. तरी 1807 सालीं त्यांचीं व्याख्यानें दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झालीं. 1811 पासून मरेपर्यंत ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाचे वैद्य होते. पातळ वस्तूंच्या रंगीत कड्यांचा विचारहि त्यांनीं सोडला नव्हता. बारीक तंतूंतून किंवा कणांतून दिवा पाहिला असतां जीं रंगीत वलयें दिसतात, त्यांवरून लोंकरीच्या तंतूंचें व रक्तांतील कणांचें माप काढणारें एक उपकरण त्यांनीं 1813 च्या सुमारास तयार केलें. शरीरांतील अतिसूक्ष्म वस्तु रंगाच्या साह्यानें मोजण्याची कल्पना अशी खुद्द त्यांच्याच हातून पुढें आली.

सत्य फार दिवस झांकून राहत नाहीं. 1815 च्या सुमारास फ्रान्समध्यें ऑगस्टिन फ्रेनेल नांवाच्या तरुण इंजिनियरानें स्वतंत्रपणें तेंच तत्त्व शोधलें व त्यास गणिताची भक्कम बैठक दिली. 1816 सालीं आरागो व गे-लुसॅक हे फ्रेंच पंडित यंग यांस भेटावयास आले. फ्रेनेलचा एक शोध यंग यांनीं आधींच लावला होता कीं काय, यावर बोलणें निघालें, व पाहुण्यांस तें पटेना. यंग यांच्या पत्नी एलायझा निमूटपणें उठून आंत गेल्या, 1807 सालच्या व्याख्यानांचा तो जाड खंड घेऊन आल्या आणि नेमकें पान उघडून पाहुण्यांपुढें ठेवलें. वाद तेथेंच संपला. यंग यांनीं मात्र फ्रेनेलचा कधीं मत्सर केला नाहीं. उलट त्याच्या कामाचा गौरव केला. 1827 सालीं फ्रेंच विज्ञान परिषदेनें यंग यांस आपले परदेशी सभासद करून घेतलें.

याच काळांत त्यांनीं ईजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीकडे लक्ष वळविलें. रोझेटा येथें सांपडलेल्या शिलालेखावर 1814 पासून श्रम करून त्यांनीं राजांच्या नांवांतील कांहीं अक्षरें ओळखलीं. ती लिपि पूर्णपणें उलगडण्याचा मान 1822 सालीं फ्रान्सच्या शांपोलियाँ यांस मिळाला. पण पहिलीं पावलें टाकणाऱ्यांत यंग होते. शेवटच्या आजारांतहि ते ईजिप्शियन भाषेच्या कोशाचें काम करीत होते. हातीं लेखणी धरवेना, तेव्हां त्यांनीं शिसपेन्सिल घेतली. 10 मे 1829 रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, लंडन येथें त्यांचा अंत झाला. त्यांस मूलबाळ नव्हतें.

आतां पुनः त्या तेलाकडे वळूं. डोळ्यांवरील तेल यंग यांनीं कधीं मोजलें नाहीं. तें काम त्यांच्यामागून पुष्कळ वर्षांनीं झालें. पण आज नेत्रवैद्य रोग्याच्या डोळ्यावर पसरट, सौम्य, पांढरा प्रकाश टाकून त्याचें प्रतिबिंब मोठें करून पाहतो, तेव्हां तो यंग यांचाच धडा वाचीत असतो. तेल हवेपेक्षां व खालच्या पाण्यापेक्षांहि दाट आहे. म्हणून त्याच्या वरच्या पृष्ठावरून परतणारी लहर उलटी होते, खालची होत नाहीं. यास्तव फुग्याच्या काळ्या माथ्याप्रमाणें अगदीं पातळ तेल अंधुक करडें दिसतें. थर वाढला कीं तो पांढरा, नंतर पिवळसर, मग तपकिरी व निळा दिसूं लागतो. आतां अशीं यंत्रें निघालीं आहेत कीं, तीं हे रंग टिपून गणकयंत्राच्या साह्यानें जाडीचा आंकडा सांगतात. दुसऱ्या एका पद्धतींत पापणीच्या कडेला पातळ पट्टी टेकवून, तेल लागल्यानें ती किती पारदर्शक झाली हें मोजतात. पण त्यानें कडेवरील तेलाचा सांठा कळतो, डोळ्यावरील थराची जाडी नव्हे. तिसरी कसोटी म्हणजे डोळ्यांत हिरवट चमकणारा रंग घालून, पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांनीं फुटतो हें पाहणें. दहा सेकंदांच्या आंत फुटला तर बहुधा कांहीं उणें आहे असें समजतात. हे थर प्रत्येक उघडझांपीबरोबर हलतात व बदलतात, म्हणून शहाणा वैद्य एकाच मापावर विसंबत नाहीं. तो रोग्याचें गाऱ्हाणें ऐकतो, पापण्यांच्या ग्रंथि तपासतो व सर्व मिळून निर्णय करतो.

एक गोष्ट आपल्याहि हातीं आहे. पुस्तकाकडे किंवा चमकत्या पडद्याकडे टक लावून पाहतांना आपण पापण्या कमी वेळां मिटतों, आणि पुष्कळदां अर्धवटच मिटतों. पापणी मिटल्यावांचून तेल बाहेर येत नाहीं व पसरतहि नाहीं. म्हणून वाचतांना मधून मधून दूर पाहावें व डोळे पुरते मिटून उघडावे. आणि डोळे सतत चुरचुरत असतील, तर घरगुती औषधें घालीत न बसतां वैद्यास दाखवावें.

ज्या पुस्तिकेची एकच प्रत खपली, तिच्यांत ज्या तत्त्वाची बाजू मांडली होती, त्या तत्त्वाच्या आधारानें आज देशोदेशींच्या रोग्यांचे डोळे तपासले जातात. यंग यांस हें दिसलें नाहीं. आपलें काम कोणास, केव्हां व कशासाठीं उपयोगी पडेल हें करणाऱ्यास कळत नसतें. तें खरें व नीट करणें एवढेंच त्याच्याकडे असतें. पुढल्या पावसाळ्यांत रस्त्यावरील डबक्यावर तो रंगीत तवंग दिसला, तर विद्यार्थीमित्रहो, त्यास ओलांडून जाण्यापूर्वीं क्षणभर थांबा, आणि तो कोणत्या ठिकाणीं जाड व कोणत्या ठिकाणीं पातळ आहे तें त्याच्या रंगांवरून वाचून पाहा.